कमी पैसे घेतले, पण फिल्म आपल्याकडे ठेवली: डेसिलू स्टुडिओची गोष्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अमेरिकेतल्या डेसिलू या स्टुडिओबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे आणि वर्षं भराभर सांगून जावं लागतं, म्हणून तीच गोष्ट इथे सविस्तर लिहितोय. चहा घ्या, वही घ्या आणि निवांत वाचा.

सुरुवातीला एक प्रश्न. समजा, तुम्ही महिनाभर राबून एक मोठी ऑर्डर पूर्ण केली. माल गेला, पैसे आले, उधारी मिटली. आता तुमच्याकडे काय शिल्लक राहिलं? बँकेतल्या पैशांशिवाय असं काही राहिलं का, जे पुढच्या वर्षीही तुम्हाला पैसे मिळवून देईल?

बहुतेकांचं उत्तर "काही नाही" असंच असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, छोटा धंदा असाच सुरू होतो. पण हा प्रश्न एका नवरा-बायकोने १९५१ साली विचारला आणि त्याच्या उत्तरावर हॉलिवूडमधला एक मोठा स्टुडिओ उभा राहिला.

हे दोघे कोण होते?

ल्युसिल बॉल ही सिनेमातली नटी. १९३० च्या दशकात ती आरकेओ नावाच्या स्टुडिओत करारावर काम करायची. नाव ओळखीचं होतं, पण पहिल्या फळीतली हिरोईन म्हणावी अशी ती कधी झाली नाही. डेसी अर्नाझ मूळचा क्यूबाचा. १९३३ च्या क्रांतीत घरची मालमत्ता गेली, कुटुंबाला देश सोडावा लागला. सॅन्तियागो शहराच्या महापौराचा हा मुलगा अमेरिकेत आला आणि पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्यासारखी मिळतील ती कामं करू लागला. पुढे गाणं-बजावणं करत त्याने स्वतःचा बँड उभा केला.

१९४० साली आरकेओच्याच एका सिनेमाच्या सेटवर दोघांची भेट झाली आणि त्याच वर्षी लग्नही झालं. आरकेओ हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

लग्नानंतर अडचण अशी की ती हॉलिवूडमध्ये शूटिंगला आणि तो बँड घेऊन गावोगाव. आपल्याकडे एकाची नोकरी पुण्यात आणि दुसऱ्याची नागपुरात असते ना, तसाच प्रकार. ल्युसिल तेव्हा सीबीएस कंपनीच्या रेडिओवर एक विनोदी मालिका करायची. सीबीएसने तीच कल्पना टीव्हीवर आणायचं ठरवलं, तेव्हा ल्युसिलने अट घातली की मालिकेत नवऱ्याचं काम डेसीच करणार.

सीबीएसला ते पटेना. परदेशी उच्चारात इंग्रजी बोलणारा क्यूबन माणूस अमेरिकन बाईचा नवरा म्हणून लोक स्वीकारतील का, ही त्यांची शंका. यावर या दोघांनी वाद घालत बसण्यापेक्षा १९५० साली गावोगाव जाऊन स्टेजवर एकत्र कार्यक्रम केले. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्याच वर्षी दोघांच्या नावांची अक्षरं जोडून त्यांनी कंपनी काढली: डेसिलू प्रॉडक्शन्स.

इथे थांबून एक गोष्ट वहीत लिहा. "चालणार नाही" म्हणणाऱ्या मोठ्या कंपनीला त्यांनी गिऱ्हाईकच दाखवलं. तुमच्या लोणच्याला दुकानदार शेल्फवर जागा देत नसेल, तर आधी आठवडी बाजारात किंवा प्रदर्शनात विकून दाखवा. विक्रीची वही घेऊन गेलात की बोलणं सोपं होतं.

खरा सौदा

आता मुख्य मुद्दा. त्या काळात अमेरिकेतले बरेचसे टीव्ही कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रसारित व्हायचे. नट समोर काम करतायत आणि लोक घरी त्याच क्षणी बघतायत. दूरच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून चित्रीकरण करायचे आणि ती फिल्म पाठवायचे. चित्र पुसट यायचं, पण चालवून घ्यायचे. कार्यक्रम एकदा दाखवला की संपला, त्याला पुढे काही किंमत असेल असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

'आय लव्ह लुसी' या मालिकेचा प्रायोजक होता फिलिप मॉरिस, सिगारेट बनवणारी कंपनी. तिचं बरंचसं गिऱ्हाईक पूर्वेकडे. त्या गिऱ्हाइकाला पुसट चित्र दाखवायला कंपनी तयार नव्हती. म्हणून तिचा आग्रह होता की कार्यक्रम न्यूयॉर्कमधून करा. ल्युसिल आणि डेसीला कॅलिफोर्नियातलं घर सोडायचं नव्हतं, त्यात ल्युसिलला दिवस गेलेले.

डेसीने तोडगा काढला: कार्यक्रम सिनेमासारखा खऱ्या ३५ मिमी फिल्मवर शूट करू. मग पूर्व काय, पश्चिम काय, सगळीकडे एकसारखं स्वच्छ चित्र दिसेल. पण फिल्मचा खर्च फार. तो कुणी सोसायचा? प्रायोजक आणि वाहिनी थोडा भार घ्यायला तयार झाले आणि या दोघांना म्हणाले, तुम्हीही मानधन कमी करा. डेसीने पुढे सांगितलेल्या हिशोबाप्रमाणे आठवड्याच्या ५,००० डॉलरमधून १,००० डॉलर कमी करायचे होते.

डेसी हो म्हणाला. फक्त बदल्यात एक गोष्ट मागितली: एकदा प्रसारण झालं की या सगळ्या फिल्म्सची मालकी डेसिलूची.

समोरच्यांनी मान्य केलं. त्यांच्या लेखी ते वापरून झालेले डबे होते. आपल्या हॉटेलवाल्याकडे रिकामे तेलाचे डबे पडलेले असतात आणि कुणी "मला द्या" म्हटलं की तो "घेऊन जा" म्हणतो, तसंच काहीसं.

मालकी आली, मग माल चांगला बनवावा लागला

फिल्म आपली आहे म्हटल्यावर ती टिकाऊ हवी, दहा वर्षांनीही बघावीशी वाटली पाहिजे. त्यासाठी त्यांनी कार्ल फ्रॉइंड या कॅमेरामनला बोलावलं. जर्मनीतल्या 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या सिनेमावर काम केलेला आणि 'द गुड अर्थ' या सिनेमासाठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस. टीव्हीच्या कामासाठी एवढा मोठा कारागीर बोलावणं हे त्या काळात नवलच होतं.

अडचण अशी होती की सिनेमात एक शॉट झाला की दिवे हलवतात, मग दुसरा शॉट घेतात. इथे ल्युसिलला समोर खरे प्रेक्षक हवे होते, कारण लोक हसले की तिचा अभिनय खुलायचा. प्रेक्षकांना प्रत्येक शॉटनंतर ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून आठवडाभर तालीम करून एका संध्याकाळी सुमारे ३०० प्रेक्षकांसमोर नाटकासारखा सलग प्रयोग करायचा आणि तीन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवायचे, अशी पद्धत बसवली. फ्रॉइंडने बहुतेक दिवे वर टांगले आणि उजेड असा पसरवला की तिन्ही कॅमेऱ्यांना चालेल.

एकाहून जास्त कॅमेरे लावायचा प्रयोग आधीही झाला होता. पण फिल्म, तीन कॅमेरे आणि समोर प्रेक्षक या तिन्हींची घडी डेसिलूत अशी बसली की बाकीच्यांनी ती उचलली. तुम्ही 'फ्रेंड्स' किंवा 'द बिग बँग थिअरी' बघितली असेल. एकाच घराचा सेट, अनेक कॅमेरे, समोर बसून हसणारे लोक, ही त्याच पद्धतीची नातवंडं म्हणायला हरकत नाही.

जुना माल परत विकला गेला

'आय लव्ह लुसी' १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि तुफान चालली. पुढे ल्युसिलला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा ते लपवण्याऐवजी त्यांनी मालिकेच्या कथेतच आणलं. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेतल्या लुसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी ल्युसिललाही खरोखर मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला.

बाळंतपणानंतर तिला विश्रांती हवी होती, नवे भाग बनवणं शक्य नव्हतं. मग हाताशी असलेल्या फिल्म्समधले जुने भाग पुन्हा दाखवले. लोकांनी तेही आवडीने बघितले! थेट प्रसारण करत बसले असते, तर त्या आठवड्यांत दाखवायला काहीच नसतं.

'पुनःप्रसारण' हा शब्द आज आपल्याला साधा वाटतो. पण केलेलं काम पुन्हा कमाई करू शकतं, हे टीव्हीच्या धंद्याला ठसठशीतपणे दाखवून देणाऱ्यांत डेसिलू पुढे होती. १९५७ पर्यंत मालिकेचे १८० भाग झाले. त्या सुमारास डेसिलूने या फिल्म्सचे हक्क सीबीएसलाच विकले. रक्कम ४० ते ५० लाख डॉलरच्या घरात होती. म्हणजे ज्या कंपनीने मालकी सहज सोडून दिली होती, तिनेच तीच गोष्ट लाखो डॉलर मोजून परत घेतली.

त्या पैशांच्या जोरावर डेसिलूने काय घेतलं? आरकेओ स्टुडिओ! जिथे ल्युसिल पगारावर राबली, जिथे दोघांची ओळख झाली, तीच जागा १९५७ च्या अखेरीस सुमारे ६१.५ लाख डॉलरला घ्यायचं ठरलं. 'किंग काँग' आणि 'सिटिझन केन' बनवणारा हा स्टुडिओ आता टीव्हीवाल्या जोडप्याचा झाला. शूटिंगचे फ्लोअर इतके झाले की ते स्वतःच्या मालिकांसाठी वापरून उरलेले इतर निर्मात्यांना भाड्याने देऊ लागले. 'द अँडी ग्रिफिथ शो', 'द डिक व्हॅन डाईक शो' अशा गाजलेल्या मालिका डेसिलूच्या जागेत शूट झाल्या. स्वतःची मालिका चालो न चालो, भाडं येत राहायचं. पिठाच्या गिरणीच्या गाळ्यातच अर्धी जागा झेरॉक्सवाल्याला दिलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता दुसरी बाजूही बघू

यशाची गोष्ट इथेच थांबवली तर व्हिडिओ छान होतो, पण शिकणं अर्धवट राहतं.

पसारा वाढला तसा ताणही वाढला. १९५८ साली कंपनीचे शेअर बाजारात आले, मग भागधारकांना उत्तरं द्यायची वेळ आली. घरातलं नातं तुटत गेलं आणि १९६० साली दोघांचा घटस्फोट झाला. १९६२ साली ल्युसिलने डेसीचा हिस्सा विकत घेतला आणि ती एकटी कंपनीची प्रमुख झाली. अमेरिकेत मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात.

तिच्या काळात डेसिलूने दोन महागड्या मालिका हातात घेतल्या: 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन: इम्पॉसिबल'. कंपनीतल्या अनुभवी मंडळींना हा खर्च झेपणार नाही असं वाटत होतं. 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना भाग तर एनबीसी वाहिनीने नाकारला होता. त्यावर दुसरा नमुना भाग बनवला आणि सप्टेंबर १९६६ मध्ये दोन्ही मालिका सुरू झाल्या. एक अवकाशयानाची, दुसरी गुप्त हेरांची. टॉम क्रूझचे 'मिशन: इम्पॉसिबल' सिनेमे याच दुसऱ्या मालिकेवरून आलेत.

पण अनुभवी मंडळींची भीती खोटी नव्हती. एका भागाला येणारा खर्च वाहिनीकडून मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होता. फरक डेसिलूने स्वतःच्या खिशातून भरायचा आणि भविष्यात फिल्म्सच्या विक्रीतून तो निघेल अशी वाट बघायची. मालकी होती, पण ती सांभाळायला लागणारी रोकड कमी पडत होती. १९६७ साली ल्युसिलने कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला सुमारे १.७ कोटी डॉलरला विकली. या समूहाकडे शेजारचाच पॅरामाउंट स्टुडिओ होता. डेसिलू त्यात मिसळली आणि नाव पुसलं गेलं.

'स्टार ट्रेक' १९६९ मध्ये बंद पडली. मग गावोगावच्या वाहिन्यांवर तिचे जुने भाग लागू लागले आणि तिथून ती खरी लोकप्रिय झाली. आपल्याकडे दूरदर्शनवरही लोकांनी ती पाहिली आहे. १९७९ पासून सिनेमे आले. ही सगळी कमाई पॅरामाउंटची.

म्हणून ल्युसिलचा विकायचा निर्णय चुकला, असं मी म्हणणार नाही. तिच्या हातात तेव्हा आकडे होते, भविष्य नव्हतं. आपल्यासाठी धडा वेगळा आहे: मालकी ठेवायची असेल तर ती किती दिवस सांभाळता येईल, याचाही हिशोब आधीच करायचा.

आपल्या धंद्यात हे कसं लावायचं?

तुम्ही स्टुडिओ काढणार नाही, मान्य. पण प्रत्येक धंद्यात "फिल्म" असते. ती कुठली, हे ओळखता आलं पाहिजे.

मसाल्याचं जॉबवर्क करत असाल, तर तुमची फिल्म म्हणजे मसाल्याचं प्रमाण. ते मोठ्या ब्रँडच्या माणसाला लिहून दिलंत की उद्या तो दुसऱ्याकडूनही बनवून घेऊ शकतो. प्लॅस्टिकच्या वस्तू बनवत असाल, तर विचारा, डाय कुणाच्या पैशाची? पार्टीने पैसे दिले असतील तर पार्टी डाय उचलून शेजारच्या कारखान्यात नेईल. क्लास घेत असाल तर नोट्स, शिवणकाम करत असाल तर पॅटर्न, घरपोच डबे देत असाल तर ग्राहकांची नावं आणि नंबर. सगळ्या ऑर्डर फक्त एखाद्या अॅपवरून येत असतील, तर ग्राहकांची यादी अॅपची आहे, तुमची नाही.

फोटो-व्हिडिओवाल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. आपला कॉपीराइट कायदाही १९५७ चाच आहे. त्याच्या कलम १७ नुसार कुणी पैसे देऊन फोटो किंवा फिल्म बनवून घेतली आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक काम करून घेणारा असतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालकही, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकच असतो. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात. म्हणजे तोंडी "आपलं ठरलंय ना" याला फारसा अर्थ नाही. मोठं काम असेल तर वकिलाला दोन पानं दाखवून घ्या, तो खर्च वाया जात नाही.

आता महत्त्वाचं. "सर, मग आम्ही कमी पैशांत काम करून हक्क मागायचे का?" दरवेळी नाही. कमी पैसे घ्यायच्या आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, घरखर्च आणि हप्ते भागतायत का? डेसी आणि ल्युसिलने १,००० सोडले तेव्हा ४,००० हातात येत होते. पोटाला चिमटा काढून भविष्य विकत घेऊ नका.

दुसरी, ती वस्तू पुन्हा विकली जाईल का? एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाच्या व्हिडिओचे हक्क ठेवून तुम्ही काय करणार? पण गडकिल्ल्यांचे, सणांचे, पदार्थांचे फोटो असतील तर ते दहा ठिकाणी चालतात.

तिसरी, समोरच्याला त्या गोष्टीची आज गरज कमी आहे का? सौदा तिथेच स्वस्तात होतो. प्रसारणानंतर फिल्मचं काय करायचं, हे सीबीएसला तेव्हा सुचत नव्हतं, म्हणून ती मिळाली. चार वर्षांनी मागितली असती तर मिळाली नसती. त्यामुळे मालकीची बोलणी कामाच्या आधी करा. काम गाजल्यावर कुणी सोडत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे गेल्या सहा महिन्यांतली पाच मोठी कामं लिहा. उजवीकडे प्रत्येक कामासमोर लिहा: ते संपल्यावर माझ्याकडे काय राहिलं? रेसिपी, डिझाईन, डाय, ग्राहकाचा नंबर, फोटो, काहीही. जिथे रकाना रिकामा आहे, तिथे पुढच्या ऑर्डरच्या वेळी एक तरी गोष्ट मागून बघा. एखाद्या फोटोवर आपलं नाव टाकायची परवानगी, डबीवर मागच्या बाजूला "निर्माता" म्हणून आपला पत्ता, ग्राहकाला थेट फोन करायची मुभा. छोटी मागणी असते, बरेचदा लोक हो म्हणतात, कारण त्यांना तिची गरज नसते.

पान भरलं की कमेंटमध्ये तुमचा धंदा आणि तुमची "फिल्म" कोणती ते लिहा. निवडक धंद्यांचा हिशोब आपण पुढच्या व्हिडिओत एकत्र मांडू.

भेटूया पुढच्या आठवड्यात. धंदा करा, आणि आपलं ते आपल्याकडे ठेवा!